येतो मंग

११ एप्रिल

वही औषधाची आहे. पुढच्या पानांवर पार्वताबाईंच्या गोळ्या आन् बीपी लिहायचा, मागची पानं माझी. शाळेतल्या मॅडम म्हणायच्या, सीमा, 'मले' नाही, 'मला' लिही. आता वाचणारी मीच, तर मले कोणाची लाज?

सकाळच्या एस.टी.नं अंजनगाव सुर्जीहून निघाली आन् दहाच्या आत अमरावतीले या घरात. बडनेरा रोडवरून आत, मोठं आवार, मागं टिनाची एक कुलूपबंद खोली. तिथं पहिले संत्र्याचा माल ठेवत. पार्वताबाईले लकवा झाला. उजवी बाजू गेली, जीभ गेली, डोळे मात्र टकटकीत. त्याईचे मालक नत्थुजी संत्र्याचे व्यापारी होते, चार वर्षं झाले वारले. पोरगा किशोरभाऊ बायकोसंगं, वर्षालीवहिनीसंगं, अकोल्याले राहते. रविवारी चक्कर मारते. बाकी घर मी सांभाळायचं.

मले स्वतःची खोली आहे. खिडकी, कूलर, आतच बाथरूम. माय! लग्नात नाही भेटलं ते नोकरीत भेटलं.

खरी गोष्ट आचलची. माझी पोरगी, आठ वर्षांची. तिचा बाप सुरतेले गेला तो तिकडचाच झाला. सासूनं पोरगी धरून ठेवली, म्हणे आधी स्वतःचं छप्पर दाखव, मंग घेऊन जा. किशोरभाऊ म्हणे सुट्ट्यांत आणा पोरीले, जूनपर्यंत काम नीट झालं तर इथंच शाळेत टाकू. म्हणजे जूनपर्यंत दात-ओठ आवळून टिकायचं आहे. टिकली तर पोरगी माझी.

एक गोष्ट खटकली. निघताना भाऊ म्हणे, "जातो." असं कोणी म्हणते का? जाते तो मसणात. घरून निघणारा माणूस 'येतो' म्हणते, आन् घरातल्यानं 'या' म्हणायचं. एवढे शिकलेले, गाडीवाले, आन् वळण काही नाही. मी आपली दारातून म्हटलं, या भाऊ, या वहिनी. दोघं थांबले. भाऊंनी वहिनीकडं पाहिलं, वहिनी पहिल्यांदा हसली. म्हणे, बाई संस्कारी आहे. मले बरं वाटलं. खोटं काहून बोलू?

१२ एप्रिल

आज फोन शिकली. मोबाईल आहे माझ्याजवळ, पण या स्लॅबखाली रेंज कुठी? म्हणून बिनवायरचा हा घरचा फोन. त्याले दोन लाइनी आहेत. एक घरची. दुसरी नत्थुजींच्या धंद्याची, भाऊ म्हणे चालूच ठेवली. हँडसेट चार. एक नंबर मुख्य डब्यासंगं हॉलमध्ये, दोन स्वयंपाकघरात, तीन बाईंच्या उशाशी. चार नंबर हरवला म्हणे.

सोबतचं पुस्तक भाऊंनी वाचायले लावलं. जसं समजलं तसं उतरवून ठेवते.

सोबत आली तीच बॅटरी टाकायची, टॉर्चचे सेल कोंबायचे नाही, फुटते. चार्जरच्या पितळी टोकांवर साखळी, बांगडी, पिन पडू द्यायची नाही. ओल्या हातानं धरायचा नाही. आभाळात इजा चमकत असल्या तर लावायचा नाही. घरात गॅसचा वास आला तर घरातून फोन नको, बाहेर जाऊन कर. लाइट गेली की डबा बंद, मंग हँडसेट नुसतं खेळणं. हँडसेट कुठी ठेवला ते विसरलं तर डब्यावरचं 'शोधा' बटण दाबायचं, सगळे पी-पी करते. बाईंच्या खोलीतला तीन नंबर चालू ठेवला की त्या कण्हल्या तरी हॉलमध्ये ऐकू येते.

आन् म्यूट. समोरचा बोलते ते आपल्याले ऐकू येते, आपलं त्याले काही ऐकू जात नाही. लाल दिवा लागते.

भाऊंनी शेवटी बजावलं, दोन नंबरची लाइन वाजली की उचलायचीच. दुपारी वाजते. कोणी म्हातारं माणूस असते. नीट वळणानं बोलजा म्हणे, जसं आमच्यासंगं बोलल्या तसं.

१६ एप्रिल

म्यूट बटण ज्यानं काढलं त्याच्या तोंडात साखर पडो! आज सासूचा फोन. तिनं सुरू केलं, मी म्यूट केलं. तिकडून माझ्या खानदानाचा उद्धार, इकडून मी भेंड्या चिरता चिरता तिच्या सात पिढ्यांचा. ती आपली, ऐकून राहिली का, ऐकून राहिली का? पाच मिनिटांनी दिवा बंद केला आन् गोड आवाजात म्हटलं, हो आई, ऐकून राहिली नं. पोट धरून हसली मी.

बाई दुपारी लय कण्हते. जेवण झालं, औषध झालं, तरी आपलं हूं-हूं. मी तीन नंबरचा आवाज बंद करते आन् तासभर पडते. माणूस आहे मी, बैल नाही.

२० एप्रिल, रविवार

दीड वाजता दोन नंबरची लाइन वाजली. म्हातारा आवाज, गोड, जराक दमलेला. जेवण झालं का म्हणे. नाव काय, गाव कोणतं, अंजनगावची पानवेल आता राहिली का. संत्र्याच्या मृग बहाराची चौकशी केली. म्हणे इथं लय तपून राहिलं, टिन आहे नं वरतं. मी म्हटलं बाबा, कूलर लावा. हसले. म्हणे कूलरले लाइट लागते, बाई.

मंग म्हणे, "येतो मंग."

फोनवर कोणी असं म्हणते का? लोक 'ठेवतो' म्हणते. पण जुनं माणूस. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "या."

फोन ठेवला तर तीन नंबरमधून बाईंचा असा आवाज, का जनावर फासात अडकलं. धावत गेली. काही नव्हतं. नुसत्या पाहून राहिल्या होत्या माझ्याकडं.

संध्याकाळी भाऊ आले. लाइन वाजली का, काय म्हटलं, तुमी काय म्हटलं, सारं खोदून विचारलं. जाताना वहिनीनं एक साडी दिली. कशाची, तर सहजच.

फाटकाच्या पायरीवर संत्र्याची साल होती, ताजी. झाडून टाकली.

२९ एप्रिल

परत आला बाबांचा फोन. मी वाटच पाहून राहिली होती. दिवसभर एका मुक्या बाईसंगं राहून माझीही जीभ जड झाली होती. आचल येणार म्हणून सांगितलं. केवढी आहे, काय खाते, मोठ्या माणसासंगं बोलते का. म्हटलं बोलते नं, वळणाची आहे.

येतो मंग. या.

आज साल ओसरीवर होती. आपल्या इथं माकडं लय.

३ मे

आली माझी आचल! मामा, म्हणजे माझा भाऊ पंजाबराव, घेऊन आला. कूलरसमोर तोंड करून 'आऽऽ' करत बसली, आवाज थरथरते म्हणून. दोन वेण्या घातल्या. केसांत उवा, सासूच्या नावानं बोटं मोडली.

पण एक झालं. पंजाबराव निघाला, म्हणे येतो गं आचल. आन् ही फोनची बटणं दाबत बसलेली. हूं नाही का चूं नाही. मी ठेवून दिली एक. पाच बोटं उमटली गालावर. इथं किशोरभाऊंसमोर असं केलं तर म्हणतील आई कामाले चांगली, पोरगी गावठी. जूनची शाळा गेली मंग. तिले बसवून वहीत लिहायले लावलं, 'मोठं माणूस येतो म्हटलं की या म्हणावं', पन्नास खेपा. रडत रडत लिहिलं. शेवटच्या ओळी वाकड्या आल्या.

रात्री झोपेत तिचा गाल कुरवाळला. लेकराले मारल्यावर आपलंच पोट दुखते.

६ मे

पारा पंचेचाळीस. दीड वाजता बाबा. आज जराक घाई होती त्याईले. येतो मंग. या.

साल हॉलमध्ये, सोफ्याखाली. दारं बंद होती. बाजारात आता संत्रं नाही, मी सत्यभामाबाईले विचारलं. ती फाटकावर भाजीचा गाडा आणते, माळ्याची बाई, इकडची जुनी.

घरात येऊन म्हटलं, आचल, कुठून आणली ही साल? आचल म्हणे मी नाही.

७ मे

फोन आला, पण डब्यावर दोन नंबरच्या लाइनचा दिवा नाही. पडद्यावर आकडा 'चार'. म्हणजे घरातल्या घरातला फोन. हरवलेल्या हँडसेटवरून.

बाबाच होते. जेवण झालं का म्हणे. मी फोन ठेवून दिला.

'शोधा' बटण दाबलं. एक वाजला, दोन वाजला, तीन वाजला. आन् मागच्या अंगणात, टिनाच्या खोलीत, कुलपाच्या आत, पी-पी, पी-पी.

८ मे

सत्यभामाबाईले गाठलं. ती आवारात पाय ठेवत नाही, फाटकाच्या बाहेरूनच वांगी तोलते. मी सालीची गोष्ट सांगितली तशी तिच्या हातातला तराजू खाली आला.

तिनं सांगितलं ते असं. कोरोनाची दुसरी खेप आली तवा नत्थुजीले तो रोग झाला. त्याईले मागच्या टिनात ठेवलं, जवळ चार नंबरचा फोन दिला. पंधरा दिवसांत माणूस बरा झाला. पण याईले, घरच्याईले, भेव होतं, आन् भेवापेक्षा आराम जास्त होता. कुलूप काढलंच नाही. नत्थुजी रोज दुपारी फोन करून विचारत, मी बरा झालो, येऊ का? याईनं एक 'या' म्हणायचं होतं. वळणाचा माणूस, स्वतःच्या घरातही कोणी या म्हटल्याशिवाय येणार नाही. सत्यभामाबाई भाजी द्यायले आली तर हॉलमध्ये फोन स्पीकरवर, लाल दिवा लागलेला, तवा इथंच राहणारा पोरगा, सून आन् पार्वताबाई जेवून राहिल्या होत्या. तिकडून आवाज, येऊ का? कोणी आहे का? येऊ का? आन् पार्वताबाई म्हणे, किशोर, लोणचं दे.

मेच्या शेवटच्या नऊ भट्टीच्या दिवसांत, नवतप्यात गेले नत्थुजी, टिनाखाली भाजून. खोली उघडली तर सगळीकडं संत्र्याच्या सालीच साली. त्या दिवसापासून या घरात कोणी 'येतो' म्हणत नाही, आन् कोणी 'या' म्हणत नाही.

मी म्हटलं, मी तीन खेपा म्हटलं. ती गाडा ढकलत निघून गेली. वांग्याचे पैसेही घेतले नाही.

९ मे

भाऊंले फोन लावला, घरच्या लाइनवर. म्हटलं मले सारं समजलं, साल हॉलपर्यंत आली. ते म्हणे एक मिनिट, आन् मले होल्डवर टाकलं असं त्याईले वाटलं. चुकीचं बटण दाबलं असन. मले सारं ऐकू येत होतं.

वहिनी म्हणे, तिकडं कोणी उचलते तवर आपल्याकडं वाजत नाही, तिले जाऊ देऊ नका. भाऊ म्हणे, हॉलपर्यंत आले बाबा, अजून एक 'या' लागते. एकदा घरात घुसले, त्याईले माणूस भेटलं, का सुटलो आपण. वहिनी म्हणे, म्हणून तर संस्कारी पाहून ठेवली.

मंग बटण दाबून माझ्यासंगं बोलले. आवाज निरा तुपातला. म्हणे सीमाताई, काही मनावर घेऊ नका. आचलच्या शाळेचा फॉर्म आणला मी.

१० मे

कुठी जाऊ? अंजनगावले गेली तर सासू पोरगी घेईन आन् मले उंबऱ्यावर उभी नाही करणार. पंजाबरावकडं एक खोली, त्यात सहा माणसं. एक जून किती दूर आहे? बावीस दिवस. बावीस दिवस नुसतं 'या' म्हणायचं नाही. जीभ माझी आहे नं? तिच्यावर माझंच राज्य.

डब्याची वायर काढून ठेवली. तरी दीड वाजता वाजला.

११ मे

उचलला. येऊ का म्हणे. मी म्यूट दाबलं.

तो विचारत राहिला. बाई, आहे का? येऊ का? लय तपून राहिलं. येऊ का? मी ताट वाढून घेतलं. भाजी, पोळी, कांदा. चाळीस मिनिटं तो बोलला, मी जेवली. मनात म्हटलं, बोल किती बोलतं ते.

शेवटी तो थांबला. मंग हळूच म्हणे, लाल दिवा लावला नं तुमी? आमच्या घरचेही लावत. राहू द्या. मी लहान्या बाईसंगं बोलतो.

१२ मे

आचलले बजावलं, फोनले हात लावायचा नाही. काहून ते सांगितलं नाही. काय सांगू लेकराले?

सगळे हँडसेट कपाटात कोंडले. चावी कमरेले.

१३ मे

बाईंचं अंग पुसून राहिली होती. दीड वाजलेला समजला नाही. कपाटातून आवाज आला नाही. आलाच नाही, मी शप्पथ घेते.

आचल दारात आली. हातात हँडसेट. पाठीवर चौकोनात '४' लिहिलेला, धुळीचा, मळका. अंगणात सापडला म्हणे. चेहरा असा फुलला होता. म्हणे आई, एक आजोबा होते फोनवर, आन् पाह्य, मी विसरली नाही. येतो म्हणे, तर मी लगेच 'या' म्हटलं.

शाबासकी पाहिजे होती तिले.

बाई किंचाळल्या. मी आल्यापासून पहिल्यांदा. मी बाईंकडं पाहिलं. एवढंच. एकदाच मान वळवली. परत पाहिलं तर दारात कोणी नाही. उंबऱ्यावर साल.

संध्याकाळ

फाटक आतून बंद होतं. विहीर नाही, टाकी पाहिली, गच्ची पाहिली. आजूबाजूचे लोक आले. पोलीस आले, लिहून घेतलं, बाप कुठी असते विचारलं, सुरतेकडं बोट दाखवून गेले.

दगडानं टिनाच्या खोलीचं कुलूप फोडलं. आत भट्टी. साली. भिंतीले चार नंबरचा चार्जर. त्यावर हँडसेट ठेवलेला. मागचं झाकण उघडं, आत बॅटरी नाही.

आचल नाही.

वायर परत जोडली, कपाटातले हँडसेट जागच्या जागी ठेवले आन् भाऊंले लावला. सगळं सांगितलं, रडली, पाया पडली फोनवर. त्याईनं विचारलं, म्हणजे बाबा आले घरात? मी म्हटलं माही पोरगी गेली हो. ते म्हणे, चला, सुटलो. आन् म्हणे, "जातो."

सात वाजता

तीन नंबरमधून आवाज. बाईंच्या खोलीत कोणी बोलून राहिलं. हळू, मायेनं. घे, पार्वते. अजून एक फोड. घे. अजून एक.

बाईले गिळता येत नाही. मीच बारीक करून भरवते.

मी गेली नाही आत.

१४ मे

बाई गेल्या. तोंड भरलेलं. मी कोणाले कळवलं नाही –

दीड वाजता हॉलमधला वाजला. 'चार'.

आई, म्हणे.

आचल! आचल! कुठी आहे तू? – किंचाळली मी. ती म्हणे, आई? हॅलो? आई, इथं लय गरम होऊन राहिलं. मी येऊ का?

ये! ये बाळा, ये, ये, ये –

आई, आहे का?

लाल दिवा. मी दाबला नाही. मी बोटही लावलं नाही त्याले. दाबते, विझत नाही. नखानं खरवडला, विझत नाही. तिचं मले येते. माझं तिले –

तीन वाजता

लाइट गेली. डबा बंद आहे. तरी ती बोलून राहिली.

बॅटरीच्या दोन काड्या. ठेवायचा नाही. ठेवला तर –

पोळी ठेवली का म्हणे. आजोबा तिकडं गेले, मी एकटीच म्हणे. कुलूप कोणी लावलं म्हणे. कुलूप मी फोडलं बाळा, फोडलं, तिथं कुलूप नाही, मी तिथंच उभी आहे, चार खेपा जाऊन उभी राहिली, तू काहून दिसत –

साडेचार

एक काडी. पी-पी करून राहिला.

येऊ का? आई, येऊ का? पन्नास झाले असतील. मोजून राहिली ती. मी लिहायले लावले तेवढे मोजून राहिली.

ये. ये. ये. घसा गेला. कागदावर लिहून राहिली, ये, ये, कागद दिसते का तुले, ये –

आता रडून राहिली. म्हणे आई, रागावली का? मी तर 'या' म्हटलं नं, बरोबर म्हटलं, पहिल्याच खेपी म्हटलं. मंग तू काहून ब